नातीचे गाल आणि धाब्याचं घर

कवितेवर बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावणं येतं. आज मात्र मी तान्ह्या मुलांच्या गालांवर उठणाऱ्या इसबाविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती माझ्या नातीच्या चेहऱ्यावर झाली. ती दुसऱ्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात आमच्याकडे आली होती. 2023 च्या सप्टेंबरात नात झाली. डिसेंबर लागला, कोरडी थंडी सुरू झाली आणि पोरीच्या दोन्ही गालांवर खरखरीत चट्टे उठले. आधी कोरडे, मग लालसर, मग ओलसर. पाणी पाझरायचं, वाळून खपली धरायची. दिवसा ती आईच्या खांद्यावर गाल घासायची, रात्री दुपट्यावर. सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे.

घरात चार माणसं असली की चार निदानं होतात. माझी अम्मी म्हणाली, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, ऊद-लोबानाची धुरी झाली. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, अंगातली उष्णता आहे, डाळीचं पीठ आणि हळद लावा. कलबुर्गीहून विहीणबाईंचा फोन आला, आईचं दूध बाधत असेल, ती काय खाते ते बघा. झालं! लेकीनं आधी अंडं सोडलं, मग दूध, मग शेंगदाणा, शेवटी तुरीची डाळसुद्धा. महिन्याभरात ती भात, भाकरी आणि भोपळ्यावर आली. अंगावर पाजणारी बाई, तिचे गाल आत गेले. बाळाचे गाल मात्र होते तसेच. एका रात्री ती मला म्हणाली, "अब्बा, माझ्यातच काही खोट आहे का?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेलो आणि चट्ट्यांवर लावायची ट्यूब मागितली. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे नव्हती आणि कुणी विचारलीही नाही. चार दिवसांत गाल स्वच्छ! मी घरात छाती फुगवून फिरलो. ट्यूब थांबवली, तर आठवड्याच्या आत चट्टे अधिक लाल होऊन परतले. पुन्हा लावली, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला पत्नीनं माझ्या हातातून ट्यूब काढून घेतली आणि आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. त्या एकाच मलमात तीन औषधं होती. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं क्लोबेटासोल. स्टेरॉईडच्या मलमांत सौम्य ते अतितीव्र अशा पायऱ्या असतात. क्लोबेटासोल सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे. सौम्य हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट तीव्र. तान्ह्या मुलाच्या चेहऱ्याची त्वचा पातळ असते. असं औषध तिथं लावत राहिलं तर त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि औषध शरीरातही शोषलं जातं. 2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत टाकली, ती याच कारणानं. कायदा होता, चिठ्ठी न घेता गेलेला नानाही होता.

शब्दांचाही इथं घोळ असतो. आपण नायटा, खरूज, इसब हे शब्द सरमिसळ वापरतो. नायटा बुरशीनं होतो. खरूज त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यानं होते. ही दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. इसब तसा जात नाही. त्याच सुमारास नात्यातल्या एका लग्नात एका बाईंनी नातीला पाहून आपलं मूल बाजूला ओढलं होतं. इसब असलेल्या मुलाला कडेवर घ्यावं, त्याच्याबरोबर आपल्या मुलाला खेळू द्यावं. काही होत नाही.

मग हा असतो तरी काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंतीला भेगा आहेत असं समजा." मला माझं लहानपण आठवलं. बार्शीकडच्या आमच्या गावात धाब्याचं घर होतं. छपरावर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी मृगाच्या आधी वडील धाब्यावर नवी माती टाकायचे, चोपून बसवायचे. एखाद्या वर्षी राहून गेलं की घर गळायचं. त्वचेचा वरचा थर तसाच. पेशी एकीवर एक रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा लेप. इसबाच्या मुलांत हा थर मुळातच कच्चा असतो. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, त्वचा चिडते, खाज सुटते. खाजवलं की भेगा वाढतात आणि पुन्हा तेच. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं की, फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता वाढते. प्रत्येक मुलात हाच दोष असतो असं नाही, पण ज्या घरात दमा, सर्दी-शिंकांची ॲलर्जी किंवा इसब आहे, तिथं तो अधिक आढळतो. "घरात कुणाला दमा आहे का?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लहानपणापासून दमा आहे. महिनाभर दोष आईच्या ताटात शोधत होतो. तो माझ्याकडूनही आला असेल.

आता उपाय. पहिला आणि मुख्य म्हणजे रोज माती टाकणं. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं. वासाचा साबण, डाळीचं पीठ, उटणं, हळद चेहऱ्याला नाही. साबणविरहित सौम्य द्रव मिळतो, तो पुरे. अंग घासून नव्हे, सुती कापडानं टिपून घ्यायचं. आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं मलम लावायचं. ते महागडंच हवं असं नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली चालते. उन्हाळ्यात, सोलापूरचा पारा 40 च्या वर गेला की जेलीखाली घाम साचतो. तेव्हा हलकं क्रीम बरं. दिवसातून निदान दोनदा, गालांवर तर दर वेळी कोरडं वाटलं की. संपूर्ण अंगाला लावायचं तर आठवड्याला 100 ते 200 ग्रॅम सहज लागतं. आम्ही छोटी डबी महिनाभर पुरवत होतो!

तेलाचंही विचारलं. मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं, ते नको. ऑलिव्ह तेलानं त्वचेचा थर आणखी कमकुवत होतो असं दिसून आलं आहे. फुटलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचं तेल चोळू नये. शुद्ध खोबरेल बहुतेकांना सोसतं, पण जोर न लावता.

चेहऱ्याचं दुखणं थोडं वेगळं असतं, कारण चेहऱ्याला सगळं जग शिवतं. लाळ गळते, दूध ओघळतं, पुढं वरण-भाताचं बोट लागतं. म्हणून पाजण्या-भरवण्याआधी तोंडाभोवती आणि गालांवर जेलीचा पातळ थर द्यायचा, नंतर ओल्या मऊ कापडानं टिपायचं. नखं कापलेली. आईच्या खांद्यावर जर किंवा नायलॉनची ओढणी नको. धुऊन मऊ झालेलं जुनं सुती कापड टाकावं. धुरी, उदबत्ती, तंबाखूचा धूर बंद. एवढं सांगून डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि नाना, अत्तर कोण लावतं?" मी रोज अत्तर लावून, खरखरीत दाढी त्या गालांना लावून पोरीचे पापे घेत होतो. प्रेम होतं, पण गालांना ते कसं कळावं? शाल लोकरीची, तीही काढली.

दुसरा उपाय, भडका उठला तर तो विझवणं. बाईंनी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लिहून दिलं, दिवसातून एकदा, थोडे दिवस. स्टेरॉईड म्हटल्यावर लेक घाबरली. एकदा पोळल्यावर ते साहजिकच. पण बाईंनी बजावलं की, सौम्य औषध सांगितलेल्या मापानं, सांगितले तितके दिवस लावलं तर ते सुरक्षित असतं. भीतीनं अपुरं लावलं तर भडका महिनोन्‌महिने धुमसत राहतो. मापही दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल इतकी मलमाची रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम. चार महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्याला आणि मानेला एवढी पुरते. डोळ्यांजवळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही. भडका शमला की औषध थांबतं; जेली चालूच राहते.

आणि आईचं ताट? बाईंनी लेकीला सरळ सांगितलं, "आजपासून सगळं खायचं." सौम्य इसबात बहुतेक वेळा अन्न हे कारण नसतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, किंवा नीट उपचार करूनही इसब हटत नसेल, तर ॲलर्जीचा विचार करावा. तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक आठवड्यांपुरता. उलट, 2015 साली लंडनमध्ये 640 बाळांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळ कमी झाली. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नये, हे मात्र खरं.

काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. चट्ट्यांवर पिवळट खपल्या, पू, ताप, गाल गरम होऊन सुजणं, ही जंतूंची बाधा. एकसारखे बारीक फोड उठून त्यांचे खळगे पडू लागले, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठाच्या कडेला येणाऱ्या तापाच्या फोडांचे विषाणू इसबाच्या त्वचेत झपाट्यानं पसरतात. म्हणून ओठावर फोड असलेल्यानं बाळाचा पापा घेऊ नये, मग तो कितीही लाडका मामा असो.

नातीचे गाल तीन आठवड्यांत निवळले. मग तिथं फिकट डाग राहिले आणि अम्मी घाबरली, कोड तर नाही? नव्हतं. आपल्या सावळ्या त्वचेवर इसब बरा होताना असे डाग राहतात आणि काही महिन्यांत रंग परत येतो. तसाच आला. पुढच्या थंडीत चट्टे पुन्हा डोकावले, पण घरात आता ट्यूबसाठी कुणी धावलं नाही. इसब मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बऱ्याच मुलांत तो वय वाढेल तसा कमी होतो. तोवर त्याला आवरून धरायचं असतं.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी पत्नीनं लेकीपुढं ताट ठेवलं. तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, दोन उकडलेली अंडी. लेक आधी ताटाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "खा बेटा, तुझ्यात काही खोट नाही." हे उत्तर मी महिनाभर आधी द्यायला हवं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)