कधीच न उडालेल्या यानाचे मोजमाप

प्रतिनिधी

जे यान प्रत्यक्षात नाहीच, त्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती कशी करायची? ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील ‘एंटरप्राइज’ यानापुरते बोलायचे, तर त्याचे मूळ रूपही प्रतिकृतीच आहे. चित्रीकरणासाठी १९६४ मध्ये लाकूड, प्लास्टिक व धातू वापरून सुमारे ११ फुटांचे मॉडेल तयार करण्यात आले. १९७४ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेला देण्यात आले. आज ते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

कथेतील यानाची लांबी २८९ मीटर मानली जाते. तिला प्रमाणाने भागले, की प्रतिकृतीची लांबी मिळते. १:१००० प्रमाणाच्या संचातून सुमारे २९ सेंटिमीटरचे यान तयार होते. १:३५० प्रमाणात तेच ८३ सेंटिमीटरच्या घरात जाते. त्यामुळे संच घेण्यापूर्वी घरातील फळी मोजलेली बरी!

रंगाचा प्रश्न अधिक अवघड आहे. पूर्वीच्या डागडुजीत मूळ रंग बहुतेक ठिकाणी झाकला गेला. तबकडीच्या वरच्या भागावर तेवढा तो टिकला. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्याचाच आधार घेण्यात आला. शिवाय दिव्यांच्या तारा डावीकडून बाहेर काढल्याने ती बाजू अपुरीच राहिली होती. चित्रीकरण मुख्यतः उजवीकडून होत असे.

म्हणूनच छायाचित्र पाहून रंगकाम करणाऱ्या हौशी कारागिरांनी ते कोणत्या वर्षीचे व कोणत्या बाजूचे आहे, हे आधी तपासावे.