दरबारातून तंबूत : छत्र्यांची सर्कस आणि संस्थानी कलांचे स्थलांतर

१

१८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नबाब वाजिद अली शाह लखनौ सोडून कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जाऊन राहिला. राज्य गेले, तरी दरबार एकाएकी संपला नाही. गायक-वादक, नर्तक आणि कारागीर त्याच्या मागोमाग गेले. तेथे त्याने मोठा प्राणिसंग्रहही उभा केला. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून ‘दिलगुदाज’ मासिकातून जुन्या लखनौची जी लेखमाला लिहिली, तीत वाघ, हत्ती, गेंडे यांच्या झुंजींना त्यांनी मुद्दाम जागा दिली आहे. शररांच्या दृष्टीने गायन, पाककला आणि जनावरांचे खेळ ही एकाच संस्कृतीची अंगे होती. १८८७ साली नबाब मरण पावला आणि मटियाबुर्जचा तो लहानसा दरबारही उधळला गेला.

लखनौची ही कहाणी उर्दू साहित्यामुळे सर्वांच्या परिचयाची झाली. तशाच प्रकारची, आकाराने लहान पण शेवट अगदी वेगळा असलेली एक कहाणी कृष्णाकाठी घडली. तिला शरर भेटला नाही, म्हणून ती विखुरलेली राहिली. विष्णुपंत छत्रे यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’ची ती कहाणी होय. हिंदी मालकीची पहिली सर्कस म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो. परंतु ‘पहिली’ या विशेषणाने तिचे खरे महत्त्व झाकलेच जाते. निराधार होऊ घातलेल्या दरबारी विद्यांना या सर्कशीने चाकांवरचा दरबार मिळवून दिला, हे तिचे महत्त्व आहे.

२

पेशवाईच्या अस्तानंतर कृष्णेच्या खोऱ्यात पटवर्धन घराण्याची लहान लहान संस्थाने राहिली : सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड, तासगाव. त्यांतील तासगाव १८४८ साली खालसा झाले. उरलेल्यांचे राज्य राहिले, पण युद्ध राहिले नाही. पटवर्धन हे मूळचे सरंजामी सरदार. घोडदळ हा त्यांच्या सत्तेचा कणा. लढाया संपल्यावर पागेला काम उरले ते मिरवणुकीचे आणि शिकारीचे. घोड्याला शिकविणारा चाबुकस्वार मात्र आपली विद्या लगेच विसरू शकत नव्हता. ती विद्या दाखवावी कोठे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

याच परिसरात एका दुसऱ्या कलेवर असाच प्रसंग आधी येऊन गेला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय संपला आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव फिरावे लागले. मराठी रंगभूमी व्यावसायिक झाली ती या निरुपायातून. आश्रयदाता गेला की वाट धरावयाची आणि राजाऐवजी तिकीट काढणाऱ्याला धनी मानावयाचे, हा धडा कृष्णाकाठच्या कलावंतांनी सर्कशीच्या आधी तीस वर्षे गिरविला होता.

३

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास सांगली परिसरातील अंकलखोप येथे झाला. तरुणपणी ते उत्तरेस ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर त्या काळी नुकतेच १८५८ च्या धुमाळीतून बाहेर पडले होते. तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ते काही दिवस ताब्यात घेतले होते; त्यानंतर शिंद्यांचे राज्य टिकले, परंतु किल्ला १८८६ पर्यंत इंग्रजांकडेच राहिला. अशा या राजधानीत विष्णुपंतांनी दोन विद्या मिळविल्या. बाबासाहेब आपटे यांच्यापाशी ते अश्वविद्या शिकले आणि हद्दूखाँ यांच्या घराण्याची गायकी त्यांच्या कानांवर पडली.

या गायकीचे मूळ पुन्हा लखनौलाच नेऊन पोचविते. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे नत्थन पीरबक्ष यांचे नातू. पीरबक्षांचे घराणे लखनौचे. तेथील कलहामुळे ते ग्वाल्हेरला आले, असे घराण्याची परंपरा सांगते. लखनौहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरहून कृष्णाकाठ असा ख्यालाचा प्रवास झाला. त्यातील दुसऱ्या टप्प्याचा एक भाग सर्कशीबरोबर झाला, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात आख्यायिकेसारखी सांगितली जाते आणि सर्कशीच्या इतिहासात बहुधा सांगितलीच जात नाही.

४

दक्षिणेत परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडकरांच्या पदरी अश्वशिक्षक होते. त्या सुमारास चिआरिनी या इटालियन गृहस्थाची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईस आली. हिंदुस्थानात सर्कस नाही आणि हिंदी लोकांना ती उभारण्यास पुष्कळ काळ लागेल, असे चिआरिनी म्हणाला. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले आणि १८८० च्या मार्चमध्ये कुरुंदवाडच्या अधिपतींसमोर आपला पहिला खेळ केला, अशी कथा रूढ आहे. तिचा घाट स्वाभिमानकथेचा आहे. परक्याचा अधिक्षेप, स्वकीयाची प्रतिज्ञा आणि अल्पावधीत तिची पूर्तता या तीन पायऱ्या त्या काळच्या अनेक उद्योगकथांत आढळतात. त्यात तथ्य असेलही; परंतु काही महिन्यांत सर्कस उभी राहते ती केवळ जिद्दीने नव्हे. घोडे, मोतद्दार आणि स्वार आधीपासूनच तयार होते. चिआरिनीकडून घेतले ते रिंगण, तंबू आणि खेळांचा क्रम. साचा परका होता, ऐवज पागेतला होता.

सर्कशीचे नावही सूचक आहे. इटालियनाच्या ‘रॉयल’ शब्दाला येथे ‘इंडियन’ हा शब्द उत्तर म्हणून आला. राष्ट्रीय सभेची स्थापना व्हावयास अद्याप पाच वर्षे होती. संस्थानिकाचा एक नोकर आपल्या खेळाला संस्थानाचे नाव न देता देशाचे नाव देतो, यात बदलत्या काळाची जाण स्पष्ट दिसते.

त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्यात शकुंतलेची भूमिका पुरुषानेच केली. कुलीन स्त्रीने रंगमंचावर येणे त्या काळी अकल्पनीय होते. छत्र्यांच्या पत्नी मात्र झुल्यावरील कसरती करीत आणि जनावरांनाही शिकवीत, असे सर्कशीच्या इतिहासात नोंदलेले आहे. मराठी स्त्री लोकांसमोर केव्हा आली, याचा विचार आपले नाट्येतिहासकार रंगमंचापुरता करतात. रिंगणाकडे दृष्टी वळविली तर ते कालनिर्णय पुन्हा तपासावे लागतील. सर्कशीचा पाया कुटुंब हा होता, म्हणून हे शक्य झाले. पत्नीचे धाडस घरच्याच तंबूत, घरच्यांच्या देखत घडत होते.

५

ही सर्कस उत्तर हिंदुस्थानात फिरली, मद्रासच्या किनाऱ्याने सिंहलद्वीपापर्यंत गेली आणि अमेरिकेलाही जाऊन आली. तेथील अवाढव्य कंपन्यांपुढे तिचा निभाव लागला नाही. परतल्यावर मलबार किनाऱ्यावर तलश्शेरी येथे विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम त्यांनी पत्करले आणि १९०१ साली चिरक्करा येथे स्वतंत्र शिक्षणशाळा काढली. केरळातील सर्कशीची सारी परंपरा तेथून सुरू होते.

या भटकंतीतच रहिमतखाँचा प्रसंग घडला. हद्दूखाँचा हा पुत्र काशीत अफूच्या आहारी जाऊन विपन्नावस्थेत हिंडताना विष्णुपंतांना आढळला. गुरूच्या घराण्याचे ऋण स्मरून त्यांनी त्याला बरोबर घेतले. पुढे सर्कशीच्या मुक्कामांबरोबर रहिमतखाँचे गाणेही गावोगाव, थेट नेपाळपर्यंत पोचले. ‘भूगंधर्व’ म्हणून तो ख्यात झाला. त्याच्या गायकीचा ठसा अब्दुल करीमखाँसारख्या थोर गवयावर उमटला. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कशीबरोबर या गवयाचाही भार उचलला, आणि १९२२ साली कुरुंदवाडलाच रहिमतखाँचे देहावसान झाले.

दरबाराचे लक्षण केवळ सिंहासन नव्हे. ज्याला बाजारात उभे राहता येत नाही अशा गुणी माणसाला निरपेक्षपणे पोसण्याची ऐपत आणि इच्छा हेही ते लक्षण आहे. रहिमतखाँ रिंगणात उपयोगी पडणारा नव्हता. व्यवहाराचे भानही त्याला फारसे नव्हते. वाघ, घोडे आणि झुला यांच्या तिकिटांवर एका ख्यालियाचा योगक्षेम चालला. या अर्थाने छत्र्यांची सर्कस हा दरबारच होता. त्याला भूमी नव्हती, म्हणून त्याला कोणी खालसा करू शकले नाही.

६

पुढील उलथापालथींनी मात्र हे कवचही भेदले. ग्रेट इंडियन सर्कस कालांतराने कार्लेकरांच्या सर्कशीत विलीन झाली. कृष्णाकाठाने देवल, माळी यांच्याही सर्कशी पाहिल्या. परंतु पुढच्या पिढीत या व्यवसायाचे केंद्र केरळकडे सरकले. १९४८ साली पटवर्धनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ज्या पागांतून हा खेळ जन्मला, त्याही इतिहासजमा झाल्या. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ साली मुलांना सर्कशीत काम देण्यासही त्या न्यायालयाने मनाई केली. हे निर्णय करुणेचे आणि न्यायाचे होते. त्यांच्यामुळे जुन्या सर्कशीचे दोन आधार, जनावर आणि लहानपणापासून घडविलेला कसरतपटू, दूर झाले हेही तितकेच खरे.

१९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौत संगीत महाविद्यालय स्थापन झाले आणि लवकरच श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. ज्या नगरातून पीरबक्षांचे घराणे बाहेर पडले, त्याच नगरात मराठी माणसांनी संगीतविद्येचे पीठ उभारले. गाण्याला दरबारानंतर विद्यालय मिळाले, नाटकाला नाट्यगृह आणि छापील संहिता मिळाली. सर्कशीला यांपैकी काहीच मिळाले नाही. तिची विद्या शरीरात होती आणि शरीराबरोबर गेली. तिचे अवशेष शोधावयाचे तर गवयांच्या चरित्रांत, नाटक मंडळ्यांच्या आठवणींत आणि संस्थानांच्या दप्तरांतच शोधावे लागतात. भारतीय साहित्यांचा अभ्यासक जेव्हा ‘आश्रय’ या शब्दाचा विचार करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे राजवाडा किंवा मंदिर उभे राहते. कुरुंदवाडचा तंबूही त्या पंक्तीत बसविल्यावाचून तो विचार पुरा होणार नाही.