कोणता गडी कोणत्या संघात?

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवायचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत याच नावाने जो खेळ ओळखला जातो त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर चिलखत चढवलेले अकरा-अकरा धिप्पाड गडी तो हिसकावण्यासाठी एकमेकांवर आदळत असतात. त्या खेळाचे नियम सांगत बसलो तर संपादक मंडळाने दिलेली पाने त्यातच संपतील. म्हणून येथे मैदानाबाहेर चालणाऱ्या एका वेगळ्याच खेळाविषयी लिहीत आहे. महाविद्यालयांतून खेळणाऱ्या हजारो तरुणांपैकी कोणाला व्यावसायिक संघ उचलतील, कोणता संघ उचलेल आणि कितव्या क्रमांकावर, याचे भाकीत करण्याचा हा खेळ आहे. आपल्याकडे पंचांग पाहून पाऊस सांगणारे जेवढे, तेवढेच तिकडे ही भाकिते सांगणारे आहेत. आणि दोघांच्या अचूकतेतही फारसा फरक नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रकरण इतके सोपे नाही.

प्रथम मूळ पद्धत पाहू. अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल संघटनेत, म्हणजे 'एन. एफ. एल.'मध्ये, आज ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस 'ड्राफ्ट' नावाचे निवडसत्र भरते. मागील हंगामात ज्या संघाची सर्वांत दुर्दशा झाली त्याला पहिली पाळी मिळते, आणि विजेता सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात. आपल्या क्रिकेटच्या आय. पी. एल. लिलावात पैशाची बोली लागते. येथे बोली नसते, पाळी असते. ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच करार करायचा. खेळाडूला पसंती-नापसंती विचारली जात नाही. मुलगी दाखवण्याच्या जुन्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असाच हा मामला!

या कल्पनेचा जनक बर्ट बेल. हा फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मालक. संघ तळाला, पैसा जेमतेम, आणि चांगले खेळाडू शिकागो-न्यू यॉर्कच्या श्रीमंत संघांकडे धावणार. तेव्हा दुबळ्याला पहिली निवड द्यावी, म्हणजे चुरस टिकेल, असा प्रस्ताव त्याने १९३५ मध्ये मांडला व तो संमत झाला. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिले सत्र झाले. फळ्यावर सुमारे नव्वद नावे खडूने लिहिली होती. हेर नाहीत, मोजमापे नाहीत. वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि ऐकीव माहिती एवढ्यावर नऊ फेऱ्यांत ८१ नावे घेण्यात आली. पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाचा जे बरवॅंगर. त्याचे मानधन जुळले नाही, आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता तो फोम रबरच्या धंद्यात गेला. इतिहासातील पहिलीच निवड अशी फुकट गेली! निवडलेल्यांपैकी बहुसंख्य त्या व्यवसायात उतरलेच नाहीत, कारण तेव्हा साधी नोकरी त्याहून बरी होती.

आज चित्र उलटे आहे. महाविद्यालयीन संघटनेच्याच आकडेवारीनुसार, खेळणाऱ्यांपैकी दीड टक्क्याच्या आसपास मुले व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचतात. २०११ पासून नवख्या खेळाडूचे मानधन त्याच्या निवड-क्रमांकाशी बांधले गेले आहे. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सने निवडलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार पाच कोटी डॉलरच्या जवळ जाणारा होता. त्याच सत्रात पाचव्या फेरीतल्या खेळाडूचा करार पन्नास लाख डॉलरच्या आत. क्रमांक म्हणजे पैसा. मग त्या क्रमांकाचे भविष्य सांगणाऱ्यांचे पीक न आले तरच नवल. १९८० पासून दूरचित्रवाणीने हे सत्र दाखवायला सुरुवात केली आणि मेल कायपरसारखे भाकीतकार स्वतःच नामांकित झाले. सत्राच्या आधी अनेक महिने ते लुटुपुटूची निवड करून पूर्ण याद्या छापतात. या याद्यांना तिकडे 'मॉक ड्राफ्ट' म्हणतात.

आता मुद्द्याकडे वळू. भाकीत करायचे म्हणजे नेमके काय करायचे? येथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि सामान्य वाचक त्यांची गल्लत करतो. कोणता खेळाडू खरोखर चांगला निघेल, हा एक प्रश्न. संघांच्या मते कोण चांगला आहे, हा दुसरा. आणि अमुक संघ अमुक पाळीला कोणाचे नाव घेईल, हा तिसरा. भाकीतकाराची परीक्षा होते ती तिसऱ्या प्रश्नावर. पण त्याचे श्रोते त्याला जाब विचारतात पहिल्याचा.

तिसरा प्रश्न कठीण का? कारण याद्या साखळीसारख्या असतात. चौथ्या संघाने अनपेक्षित नाव घेतले की पाचव्याच्या मनातला गडी सुटतो किंवा मोकळा राहतो, आणि तेथून पुढची सगळी गणिते ढासळतात. समजा, पहिल्या दहांपैकी प्रत्येक नाव बरोबर येण्याची शक्यता नाणेफेकीइतकी, म्हणजे निम्मी धरली, तर दहाही बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक! त्यात संघ आपसांत पाळ्यांची अदलाबदल करतात. शिवाय खोट्या बातम्या पेरणे ही या दिवसांतली रीतच आहे. ज्याच्यावर डोळा आहे त्याच्याविषयी मौन पाळायचे आणि नको असलेल्याची स्तुती बाजारात सोडायची. वैद्यकीय तपासणीचे अहवाल तर संघांच्या कपाटाबाहेर सहसा येतच नाहीत. नॉत्र दामचा जेलन स्मिथ पहिल्या पाचांत जाणार असे मानले जात होते. १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि डॅलस काउबॉइजने त्याला चौतिसाव्या क्रमांकावर घेतले.

जाणता भाकीतकार म्हणून नुसते खेळाडू पाहत नाही, संघ पाहतो. कोणाचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचून चेंडू फेकणारा सूत्रधार, थकला आहे? कोणाचा करार संपत आला आहे? नव्या प्रशिक्षकाला उंच गडी आवडतात की चपळ? कोणत्या मुलाला कोणत्या संघाने भेटीला बोलावले? या चौकश्यांतून जे हाती लागते ते बरेच उपयोगी असते. पहिली दोन-चार नावे बहुधा बरोबर येतात ती यामुळेच. आणि एकट्या पंडिताच्या यादीपेक्षा पुष्कळांच्या याद्यांची सरासरी सहसा जास्त टिकते, कारण एकेकाच्या लहरी परस्परांना छेदतात.

खेळाडूच्या मोजमापाची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात दर वर्षी तीनशेच्या वर उमेदवारांची एकत्र चाचणी होते. चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव. २२५ पौंडांचे, म्हणजे १०२ किलोंचे वजन किती वेळा उचलतो ते. उभी उडी, लांब उडी. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक बुद्धिचाचणीही असे. ती २०२२ पासून बंद झाली. सेकंदाच्या शंभराव्या भागावर लोक चर्चा करतात. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले आणि त्याची कारकीर्द फुललीच नाही. उलट २००० मध्ये मिशिगनचा एक शेलाटा तरुण तेच अंतर ५.२८ सेकंदांत कसाबसा धावला. त्याच्याआधी १९८ नावे पुकारली गेली, त्यांत सहा क्वार्टरबॅक होते. त्याचे नाव टॉम ब्रेडी. पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. घड्याळ खोटे बोलले नव्हते. ब्रेडी खरेच हळू होता. घाईगर्दीत कोणाकडे चेंडू द्यायचा हे डोक्यात ठरायला किती वेळ लागतो, ते त्या घड्याळात दिसत नव्हते.

मोजमापांना शास्त्राची बैठक देण्याच्या प्रयत्नात एका भारतीयाचा हात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. १९६० नंतरच्या दशकात डॅलस काउबॉइजचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना संगणकाची कल्पना सुचली, आणि आय. बी. एम.च्या एका उपकंपनीत काम करणारे, भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी त्यांना मिळाले. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकन फुटबॉल नव्हे. अडचण पहिल्यांदा आली ती भाषेची. गावोगाव हिंडणारे हेर 'चपळ', 'जिद्दी' असे शब्द लिहून आणीत; पण एकाचा 'चपळ' दुसऱ्याचा 'बरा' असे. शेकडो गुणविशेष चाळत चाळत त्यांनी शेवटी पाचांवर मदार ठेवली: चारित्र्य, शरीरावरील ताबा व चपळाई, झुंजारपणा, बुद्धीची तरतरी आणि शक्ती. या पाचांतले शेवटचे सोडले तर फूटपट्टीने मोजता येईल असे त्यांत फारच थोडे! तरी हेरांचे शब्द आकड्यांत आणल्याने तुलना शक्य झाली. १९६४ च्या निवडीत डॅलसने मेल रेन्फ्रो, बॉब हेज आणि रॉजर स्टॉबॅक असे तीन गडी घेतले. हेज त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचा विजेता ठरला. स्टॉबॅक नौदलातील नोकरी संपवून १९६९ मध्ये संघात आला. तिघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. यातले श्रेय संगणकाला किती आणि धीर धरणाऱ्या माणसांना किती, याचा हिशेब मांडणे कठीण आहे.

आणि जो हेरांच्या नजरेलाच पडत नाही त्याचे काय? १९३४ ते १९४५ या काळात या संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. निवडसत्रात पहिला कृष्णवर्णीय, जॉर्ज टॅलिआफेरो, निवडला गेला तो १९४९ मध्ये. त्यानंतरही दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयांकडे अनेक संघ फिरकत नसत. बिल नन हे कृष्णवर्णीयांच्या 'पिट्सबर्ग कुरिअर' या पत्राचे पत्रकार. त्या महाविद्यालयांचे मैदान न् मैदान त्यांना पाठ. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना आपल्याकडे घेतले. अलाबामा ए. अँड एम.चा जॉन स्टॉलवर्थ ओल्या मैदानावर धावला तेव्हा वेळ सामान्य आली. बाकीचे हेर निघून गेले. नन आजाराचे निमित्त करून मागे राहिले आणि कोरड्या जागी त्याला पुन्हा धाववून पाहिले, अशी हकिकत सांगतात. १९७४ च्या एकाच सत्रात स्टीलर्सने घेतलेले चार खेळाडू कीर्तिमंदिरात पोहोचले, त्यांतला एक स्टॉलवर्थ.

इतकी साधने असूनही तज्ज्ञांचे यश किती? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) यांनी याचा अभ्यास केला. एका स्थानासाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच स्थानासाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. नाणेफेकीहून दोन टक्के अधिक! त्यांचा दुसरा निष्कर्ष असा की वरच्या पाळ्यांसाठी संघ फाजील किंमत मोजतात. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या पाळीसाठी पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या व दुसऱ्या फेरीची एक मोजून रॉबर्ट ग्रिफिन याला आणले. पहिला हंगाम त्याने गाजवला, मग गुडघा गेला. त्याच सत्रात त्यांनी चौथ्या फेरीत सहज म्हणून घेतलेला कर्क कझिन्स त्याच्या नंतर पुष्कळ वर्षे खेळत राहिला.

हे सारे चुरशीच्या गप्पा म्हणून वाचायला मजेचे आहे. पण आपण विद्यार्थी आहोत, म्हणून एक गोष्ट माझ्या मनात अधिक रुतते. शाळा सोडून तीन वर्षे झाली की मुलाला निवडीसाठी नाव देता येते. म्हणजे पदवीला एक वर्ष उरलेले असते. नाव दिले, मुदत टळली, की महाविद्यालयीन मैदानाचे दार बहुधा कायमचे बंद. हा निर्णय घेण्याआधी तो संघटनेच्या सल्लागार मंडळाला विचारू शकतो. मंडळ कळवते: पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, नाहीतर आणखी एक वर्ष शीक. वीस-एकवीस वर्षांच्या मुलासाठी भाकिताची किंमत ही आहे. घरी हलाखी असेल, एखादी यादी 'दुसरी फेरी' म्हणत असेल, तर तो थांबेल कसा? दर वर्षी अशा मुलांपैकी काहींचे नाव सातही फेऱ्यांत पुकारले जात नाही. चुकलेल्या यादीबद्दल पंडिताला पुढच्या वर्षी चार टोमणे ऐकावे लागतात. मुलाची पदवी आणि मैदान दोन्ही गेलेले असतात. २०२१ पासून महाविद्यालयात असतानाच जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मोकळीक खेळाडूंना मिळाली आहे, त्यामुळे हा पेच थोडा सैल झाला, एवढाच दिलासा.

शिवाय भाकीत स्वतःच घटना घडवते. २००५ मध्ये ॲरन रॉजर्स पहिल्या क्रमांकावर जाईल अशी बोलवा होती. तो कॅमेऱ्यांसमोर तासन् तास बसून राहिला आणि चोविसावा निवडला गेला. 'रॉजर्स घसरला' असे सगळे म्हणाले. घसरला कोठून? जेथे तो कधीच नव्हता अशा जागेवरून! २०२५ मध्ये कोलोरॅडोच्या शेड्यूर सॅंडर्सची तीच गत झाली. अनेक याद्यांनी त्याला पहिल्या फेरीत बसवले होते. क्लीव्हलॅंडने त्याला पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकावर घेतले, तेही तिसऱ्या फेरीत दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर.

सर्वांत शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला १९७६ पासून 'मिस्टर इर्रेलेव्हंट', म्हणजे 'श्रीयुत बिनमहत्त्वाचे', अशी थट्टेची पदवी देऊन त्याचा सत्कार करतात. २०२२ मध्ये तो मान २६२ व्या क्रमांकाच्या ब्रॉक पर्डीला मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा सूत्रधार म्हणून अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात उतरला, आणि जादा वेळेत कॅन्सस सिटीकडून हरला. इकडे सत्र संपले की दुसऱ्याच दिवशी भाकीतकारांच्या पुढच्या वर्षीच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्यांतल्या पुष्कळ मुलांचे महाविद्यालयातले शेवटचे वर्ष तेव्हा सुरूही झालेले नसते.