ओटा कोणाच्या मापाचा?

ओटा फोडायला घेतला की पहिली छन्नी ओट्याला लागत नाही, मागच्या भिंतीवरच्या टाइल्सना लागते. कडप्प्याची लादी इंच-दीड इंच भिंतीत खाच करून बसवलेली असते, वर टाइल्सची पहिली ओळ तिला दाबून धरते. ती ओळ निघाली की मग लादीची कड मोकळी होते. गवंडी पहारीचं टोक खाली घालून लादी जरा उचकटतो, कुठे धरली आहे ते आवाजावरून ओळखतो आणि मगच हातोडा उचलतो. घाई केली तर कडप्पा हव्या तिथे न तुटता नको तिथे तुटतो.

मावशीच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे काम मी जवळून पाहिलं. इमारत 1980 च्या आसपासची. सहा फूट बाय दहा फूट स्वयंपाकघर, एका भिंतीला सलग ओटा, टोकाला सिंक, खाली उभ्या कडप्प्याचे कप्पे, वर माळा, कोपऱ्यात मोरी. पांढऱ्या सहा इंची टाइल्स, दोन टाइल्समधलं पांढरं सिमेंट शेगडीच्या मागे तेलकट तपकिरी झालेलं. त्या काळातली हजारो स्वयंपाकघरं अशीच आहेत आणि सध्या एकेक करून फुटताहेत.

निघालेली लादी गॅलरीत उभी करून ठेवली होती, ती मी नीट पाहिली. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची झिलई जाते. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम जिथे जिथे सांडून राहिलं तिथे पांढुरके, खडबडीत डाग होते, आणि ते जवळजवळ सगळे शेगडीच्या डाव्या हाताला, दोन फुटांच्या पट्ट्यात. तिथे मावशी आमटी-भाजीची तयारी करते. सिंकजवळची कड मात्र इतकी गुळगुळीत झाली होती की तिला कोणीतरी पॉलिश केल्यासारखं वाटावं. भांडी घासताना ओट्याला टेकलेल्या पोटाचं आणि ओल्या पदराचं ते काम. ती टेकायची, कारण वाकावं लागायचं. सिंकचा तळ तिच्या हातांना पोचण्याइतका वर नव्हताच.

जुन्या ओट्याची उंची भरली 29 इंच. इतका बुटका का? माझा अंदाज असा की तो स्टोव्हसाठी बांधलेला ओटा होता. पंपाचा किंवा वातींचा स्टोव्ह चांगला वीतभर उंच, त्यावर पातेलं, त्यात डाव. ओटा 34 इंचांवर असता तर भात ढवळायला खांद्याच्या वर हात न्यावा लागला असता. पुढे गॅस आला, बसक्या शेगड्या आल्या, ओटा तिथेच राहिला.

त्याआधी तर उंचीचा प्रश्नच नव्हता. वाड्यातलं स्वयंपाकघर जमिनीवर चालायचं. चूल, तिच्या बाजूला वैल, पुढ्यात परात, हाताशी विळी, मागे फडताळ, पाण्याची घडवंची. बाई पाटावर बसली की बहुतेक सगळं हाताच्या टप्प्यात. धूर डोळ्यांत जायचा, गुडघे धरायचे, सरपण आणि पाणी वाहून पाठ मोडायची. त्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा चुलीपुढे दोन तास बसून पाहावं. पण तिथे बसता येत होतं, ही गोष्ट खरी. ओट्याने धूर कमी केला, स्वयंपाकघर उजेडात आणलं आणि बाईला उभं केलं. त्यानंतर तिला बसवायचं कोणी मनावर घेतलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं तेव्हा शोरूमचा माणूस लेझरचं माप घेऊन आला. भिंती मोजल्या, खिडकी मोजली, बीम मोजला, लॅपटॉपवर रंगीत चित्र काढून दाखवलं. चित्र खरंच सुंदर होतं. ज्या बाईने त्यात रोज चार-पाच तास उभं राहायचं तिच्याकडे त्याने टेप नेली नाही. ओट्याची उंची 34 इंच, सगळीकडे तीच असते, म्हणाला. गवंड्यानेही तेच विचारलं, "काकू, चौतीस घेऊ ना?" मावशी पाच फुटांची. ती "घ्या की" म्हणणार होती.

मी म्हटलं, "मावशी, तू आधी पोळ्या करून बघ."

जेवणाच्या टेबलावर प्लायचे तुकडे रचून आम्ही उंची कमीजास्त करत गेलो आणि तिने खरोखरची कणीक घेऊन लाटून पाहिलं. तिचं कोपर जमिनीपासून साडेसदतीस इंचांवर येतं. 34 इंचांवर पोळपाट ठेवला की लाटण्यावर तिचं वजन पडेना, नुसत्या मनगटांनी रेटावं लागे आणि खांदे कानाकडे सरकत. 31 इंचांवर हात सरळ झाले, अंगाचा भार लाटण्यावर आला आणि पोळी आपोआप फिरायला लागली. चिरायला मात्र तिला 32-33 बरं वाटलं, कारण तिथे भार नको, नजर जवळ हवी. भांडी घासायला याच्या बरोबर उलट. सिंक आठ इंच खोल, म्हणजे हात ओट्याच्या पातळीखाली काम करणार. तेव्हा सिंकची कड वर हवी, 35 इंचांवर. आणि शेगडी खाली. शेगडीची स्वतःची उंची पाच इंच, वर कढई चार इंच. 34 च्या ओट्यावर कढईची कड 43 इंचांवर जाते, तिच्या कोपराच्या साडेपाच इंच वर. शिरा परतायचा, पुरणाला चटका द्यायचा, तो असा हात उचलून. वर्षानुवर्षं उजवा खांदा दुखतो अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत आणि त्यांतल्या एकीलाही कोणी ओट्याची उंची विचारल्याचं ऐकलेलं नाही.

म्हणजे एकाच बाईला एकाच स्वयंपाकात निदान तीन उंच्या लागतात. सलग, एकपातळी ओटा चित्रात चांगला दिसतो, ग्रॅनाइटची एकच लादी बसते, काम लवकर उरकतं. सोय त्याची सगळी बांधणाऱ्याकडे जाते.

बसवलेल्या स्वयंपाकघराची कल्पना जिथून जगभर गेली तिथे हे प्रश्न विचारले गेले होते. 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कोथरूडच्या फ्लॅटातल्याएवढंच. तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. कुठल्या कामाला किती वेळ जातो, किती पावलं पडतात याचा हिशेब मांडून त्यांनी ते आखलं होतं. स्वतः आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्यांनीच पुढे सांगितलं. म्हणूनच बहुधा त्यांना दुसऱ्याचं काम मोजावं लागलं. त्या आखणीत खिडकीखाली बसून काम करायची एक फळी होती आणि फिरतं स्टूल होतं. आपल्याकडे मॉड्युलर म्हणून जे आलं त्यात ट्रॉल्या आल्या, हळूच मिटणारे कप्पे आले, ते स्टूल काही आलं नाही.

तोडफोडीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. भिंतीतला जुना जीआय पाइप कापला तर आत गंजाचे थरावर थर, मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक. नळाला धार नाही म्हणून मावशी टाकीला दोष देत होती. तो पाइप काढून सीपीव्हीसीचा टाकला आणि मोरीचा नहाणी ट्रॅपही बदलला. बाहेरून न दिसणारी ही दोन कामं नूतनीकरणात सगळ्यांत मोलाची आणि पैसे वाचवायचे झाले की लोक आधी तीच गाळतात. लॅमिनेटचा रंग दहा वर्षांनी बदलता येतो. टाइल्सच्या मागचा पाइप बदलायचा तर पुन्हा छन्नी.

मोरीवरून बराच वाद झाला. शोरूमच्या चित्रात मोरी नव्हती, तिच्या जागी उंच कपाट होतं. पण जुनं स्वयंपाकघर मुळात धुवून काढायचं स्वयंपाकघर होतं. ओट्याखाली नुसता दगड, जमिनीला मोरीकडे उतार. दिवाळीच्या आधी डबे बाहेर काढायचे, बादलीभर पाणी ओतायचं, खराट्याने घासायचं, पाणी मोरीत लोटायचं. झुरळं राहायला आडोसाच उरत नसे. नव्या स्वयंपाकघरात खाली प्लायवुडचे खोके असतात. चांगल्या प्रतीचं वॉटरप्रूफ प्लाय घेतलं तरी त्याच्या कापलेल्या कडा नीट बंद केल्या नसतील तर तिथून पाणी शिरतं आणि प्लाय फुगतं. पार्टिकल बोर्ड असेल तर विचारूच नका. म्हणजे धुण्याची सवय सोडून पुसण्याची सवय लावायची. ज्या घरात नारळ फुटतो, मासे साफ होतात, पापडाचं पीठ कुटलं जातं, तिथे नुसत्या पुसण्याने भागत नाही.

म्हणून मोरी ठेवली. सिंकखाली ट्रॉल्या केल्या नाहीत; निघालेल्या कडप्प्यातले धड तुकडे कापून तिथे उभे केले आणि पुढे जाळीचं दार लावलं. बाकीच्या ट्रॉल्या सुताराने जागेवर केल्या, कारण तीन पातळ्यांच्या ओट्याखाली बसतील असे तयार खोके मिळत नव्हते.

गॅसच्या जागेबद्दल एक सांगायलाच हवं. जुन्या ओट्याखाली सिलिंडर उघड्यावर उभा असायचा, आता तो दाराआड जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून त्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, त्याच्यासाठी वाट वरच्या बाजूला हवी. सिलिंडर जाऊन पाइपलाइन आली की भोकांची जागाही बदलायला हवी. मावशीच्या सुताराला हे माहीत होतं. शेजारच्या इमारतीत मी एक नवंकोरं स्वयंपाकघर पाहिलं, त्यात सिलिंडरचं कपाट खालून-वरून बंद, रबरी पट्टी लावून.

उजेडाची गोष्ट लहान आहे, पण चटकन सुधारते. जुन्या घरात ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर. चिरणारीची सावली नेमकी विळीवर किंवा सुरीखाली. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी लावली की सावली मागे पडते. मावशीच्या वयात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना, या एका पट्टीने जेवढा फरक पडला तेवढा धूर ओढणाऱ्या चिमणीने नाही पडला. खिडकीच्या बाजूला वरची कपाटं घेतलीच नाहीत. डब्यांची जागा थोडी कमी झाली, वारा राहिला.

ओटा शेवटी तीन टप्प्यांत बांधला: सिंक 35 इंचांवर, मधला भाग 32, शेगडी 28. मध्ये 31 आणि 33 चा हट्ट सोडून सुवर्णमध्य काढला. गवंड्याला हे पटायला वेळ लागला, पाण्याच्या नळीने लेव्हल तीन वेळा वेगवेगळी काढावी लागली, ग्रॅनाइटचे सांधे वाढले. या आखणीत दोष आहेत. पायरीच्या कोपऱ्यात पीठ आणि तेल साचतं, तो कोपरा रोज घासावा लागतो. ओट्यावर पाणी सांडलं की उतरून शेगडीखाली जातं. शेगडीऐवजी ओट्यात बुडवलेला हॉब बसवला असता तर इतकी पायरी लागली नसती. पण मावशीला शेगडी उचलून खालचं धुवायचं असतं आणि ते हॉबमध्ये जमत नाही.

विळीसाठी समोरच्या भिंतीलगत जमीन मोकळी ठेवली आहे. मोठी खरेदी असेल तेव्हा मावशी अजूनही तिथे पाट टाकून बसते, मेथी निवडते, फणस असेल तर हाताला तेल लावून तोही तिथेच. गुडघे फारच कुरकुरले तर खिडकीखाली भिंतीला बिजागरीने लावलेली फळी आहे, 28 इंचांवर, आणि एक स्टूल. फळी काम झालं की खाली मिटते.

मावसभाऊ पावणेसहा फुटांचा, रविवारी तो स्वयंपाक करतो. त्याला मधला ओटा बुटका पडतो. त्याच्यासाठी तीन इंच जाडीचा लाकडी ठोकळा करून घेतला, चिरताना तो ओट्यावर ठेवायचा. ओटा बुटक्या माणसाच्या मापाचा बांधावा आणि उंच माणसाला ठोकळा द्यावा, उलट करता येत नाही, हे सुताराचं म्हणणं मला अगदी पटलं.

वरच्या मजल्यावरच्या काकू नवा ओटा बघायला आल्या होत्या. त्या चांगल्या उंच, मावशीपेक्षा डोकं-दीड डोकं वर. मावशीच्या पोळपाटापुढे उभ्या राहिल्या, दोनदा लाटणं फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो, मला तर वाकावं लागतंय." गवंडी तिथेच होता. त्याने खिशातून टेप काढली आणि त्यांना म्हणाला, "काकू, कोपर जरा वाकवून उभ्या राहा बघू."