पत्ता ज्याचा, उत्तर त्याचं

मॅस्टडॉन हे समाजमाध्यम म्हणजे एक संकेतस्थळ नाही. वेगवेगळ्या लोकांनी आणि संस्थांनी आपापल्या खर्चाने चालवलेले ते हजारो सर्व्हर आहेत, आणि सगळ्या सदस्यांची एकत्र नोंदवही त्यांतल्या कुणाकडेच नाही. तरीही एका सर्व्हरवरच्या माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरचा माणूस क्षणात सापडतो. हे शोधकाम वेबफिंगर नावाचा छोटासा प्रोटोकॉल करतो.

त्याचा पूर्वज १९७१चा. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत संगणकावर कोण बसलंय याची त्रोटक यादी मिळे, आणि तीतला माणूस ओळखायला लोक यादीवरून बोट फिरवत बसत. लेस अर्नेस्ट यांनी ते पाहून ‘फिंगर’ हा प्रोग्रॅम लिहिला. पूर्ण नाव कळे, माणूस जागेवर आहे की नाही याचा अंदाज येई. ‘प्लॅन’ नावाच्या फाइलीत आपला बेत लिहून ठेवायचीही सोय झाली. पण १९८८च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम पसरला तो ज्या वाटांनी, त्यांत फिंगरच्या सर्व्हरमधली एक चूकही होती. शिवाय सगळी माहिती मागेल त्याला देणंही धोक्याचंच.

२००९च्या सुमारास गूगलमध्ये असलेले ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि इतर काहींनी ही कल्पना वेबवर आणली. सप्टेंबर २०१३मध्ये ती आरएफसी ७०३३ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात वेबफिंगर म्हणून नक्की झाली. पत्ता ईमेलसारखा: @च्या डावीकडे नाव, उजवीकडे डोमेन. प्रश्न थेट त्या डोमेनलाच विचारायचा, तोही एचटीटीपीएसवरून, ‘वेल-नोन’ या ठरलेल्या फोल्डरात. उत्तरात जेसन फाइल येते: हे खातं अमुक, त्याचं पान इथे, त्याच्याशी अ‍ॅक्टिव्हिटीपबने, म्हणजे मॅस्टडॉनचे सर्व्हर आपसांत वापरतात त्या प्रोटोकॉलने, बोलायचं तर तिथे. बस्स. या मोजकेपणाचं मला मोठं कौतुक आहे. सदस्यांची यादी मागायची सोयच यात नाही, आणि ज्याची माहिती आहे त्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ती देऊ नये, असं आरएफसी बजावतो.

उणीव मात्र खरी आहे. सर्व्हर बंद पडला की उत्तर देणारं कुणी उरत नाही. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने म्हणून ओळखीला डोमेनपासून वेगळी, कायमची खूण दिली, पण त्या खुणांची मुख्य नोंदवही पुन्हा एकच. मला त्यापेक्षा जुना मार्ग पटतो: स्वतःचं डोमेन घ्यावं आणि तिथे एक साधी फाइल ठेवून आपल्या मॅस्टडॉन खात्याकडे बोट दाखवावं. उद्या सर्व्हर बदलला तर फाइल बदलायची. शोधणाऱ्याला तोच पत्ता पुरतो.

मराठी माणसासाठी एक गोष्ट अजून अडते. ‘.भारत’ डोमेन २०१४पासून आहे, त्यामुळे पत्त्याची उजवी बाजू देवनागरीत असू शकते. डावीकडे मॅस्टडॉन फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा घेतो. ही अट वेबफिंगरची नाही; देवनागरी नाव सांकेतिक रूपात पाठवायची तरतूद त्याच्याकडे आहे. अडसर मॅस्टडॉनच्या प्रणालीत आहे, आणि तिचा कोड खुला असल्यामुळे तो काढण्याचा प्रस्ताव कुणालाही मांडता येतो.