रणदिवे, कमल जयसिंग
(८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१). भारतीय जीववैज्ञानिक. स्तनांच्या कर्करोगातील आनुवंशिकतेचे स्थान व ऊतक संवर्धन या विषयांतील कार्याकरिता प्रसिद्ध. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. त्यांचा जन्म पुणे येथे झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवविज्ञानाचे प्राध्यापक होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम्.एस्‌सी. पदवी मिळविली, विषय सीताफळाच्या कुलातील वनस्पतींची कोशिका आनुवंशिकी हा होता. पुढे मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच्.डी. संपादन केली. त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतक संवर्धनाचे तंत्र अभ्यासिले व परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. १९६६–७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला.

काही शुद्ध वंशांच्या उंदरांत स्तनांचा कर्करोग वारंवार होतो, तर काहींत क्वचितच. हा फरक केवळ आनुवंशिक आहे काय, हा मूळ प्रश्न होता. अधिक प्रमाणात कर्करोग होणाऱ्या वंशाच्या पिलांना जन्मतःच दुसऱ्या वंशाच्या मादीचे दूध पाजल्यास रोगाचे प्रमाण घटते, असे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले. दुधातील हा घटक व्हायरस असल्याचे पुढे सिद्ध झाले. रणदिवे यांनी रोगप्रवणता कमीअधिक असलेल्या चार वंशांतील स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना केली आणि आनुवंशिकता, हॉर्मोने व व्हायरस यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. या अभ्यासासाठी स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला उंदरांचा ‘आयसीआरसी’ वंशही केंद्रात विकसित करण्यात आला.

उंदरांवरील हे निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मानवात दुधावाटे असा प्रसार सिद्ध झालेला नाही. मात्र १९९४ मध्ये बीआरसीए-१ हा जीन अलग करण्यात आल्यावर काही कुटुंबांतील आनुवंशिक धोका स्पष्ट झाला. स्तनांच्या कर्करोगाच्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच असे जीनदोष कारणीभूत असतात. म्हणजे आनुवंशिकता रोगाची प्रवणता देते. प्रत्यक्ष रोग अनेक कारणांच्या संयोगाने उद्‌भवतो.

कुष्ठरोगाच्या जंतूंविषयीही रणदिवे यांनी संशोधन केले. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापिली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील (तत्कालीन अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा) आदिवासी मुलांच्या पोषणासंबंधी त्यांनी कार्य केले. १९८२ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब देण्यात आला.