नक्षी राहावी, आधार निघावा

भरतकाम पूर्ण झाल्यावर कापडावर केवळ दोरा दिसावा अशी अपेक्षा असते; परंतु तो दोरा नेमक्या जागी आणि सारख्या ताणाने बसावा यासाठी मधल्या काळात अनेक वस्तूंची मदत घ्यावी लागते. या वस्तूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. बटर पेपर, कार्बन, खडू, पुसली जाणारी पेने अशी नक्षी कापडावर उतरवणारी साधने हा पहिला वर्ग होय. तर टाके घालताना कापड आकसू किंवा ताणले जाऊ नये म्हणून त्याला जोडला जाणारा थर, ज्याला बाजारात ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात, हा दुसरा. बंगळुरूसारख्या रेशमाच्या मोठ्या बाजारपेठेत या सर्व वस्तू सहज मिळत असल्या, तरी निवडीचा पहिला प्रश्न ‘कोणती वस्तू चांगली’ हा नसून ‘काम संपल्यावर ती कशी काढायची, आणि त्या वेळची ओढ, पाणी किंवा उष्णता कापडाला सोसेल का’ हा असतो.

या प्रश्नाचे मूळ कर्नाटकातील कसुती या भरतकामात स्पष्ट दिसते. धारवाड-हुबळी भागात रुजलेली ही कला मराठी घरांना इरकली लुगड्यांमुळे आणि काळ्या चंद्रकळेमुळे परिचित आहे. तिचे भौगोलिक मानांकन कर्नाटक राज्य हस्तकला विकास महामंडळाकडे असून बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरील ‘कावेरी’ हे याच महामंडळाचे विक्रीकेंद्र आहे. पारंपरिक कसुतीत नक्षी कापडावर काढलीच जात नाही. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर या आकृती ताणा आणि बाणा, म्हणजे कापडातील उभे व आडवे धागे, मोजून भरल्या जातात. गवंती या टाक्यात धावदोऱ्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परतताना सुटलेल्या जागा भरायच्या असतात, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुरगीत रेघ पायऱ्यांसारखी नागमोडी चढते, नेयगी विणकामासारखी दिसते, तर मेंतीत फुलीटाका असतो. दोऱ्याला गाठ मारायची नाही, हा या कामाचा दंडक आहे. येथे कापडाचे विणकामच आलेखाचा कागद बनते, म्हणून छापण्याचे साधन लागत नाही.

तीच नक्षी म्हैसूर रेशमावर घ्यायची ठरली की अडचण उभी राहते. म्हैसूर येथे १९१२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी विणकाम कारखान्यामुळे नावारूपाला आलेल्या या क्रेप रेशमाचे धागे इतके बारीक असतात की ते डोळ्यांनी मोजणे शक्य होत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे कॅनव्हासची सुटी जाळी. ही जाळी साडीवर कच्च्या टाक्यांनी टाचायची, तिची घरे मोजून टाके घालायचे आणि शेवटी जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा, अशी ही रीत आहे. येथे जाळी मोजमापही पुरवते आणि कापडाला धरूनही ठेवते, म्हणजे दोन्ही वर्गांचे काम एकटीच करते. नक्षीचा आकारही तिच्यावरच ठरतो: ४२ घरांची आकृती इंचाला १४ घरे असलेल्या जाळीवर ३ इंच भरते, तर इंचाला १२ घरे असतील तर तीच साडेतीन इंच होते. काठाची रुंदी आधी मोजून मगच जाळी घ्यावी, हे यावरून उघड आहे.

या पद्धतीत दोन पथ्ये पाळावी लागतात. सुई जाळीच्या धाग्यातून न जाता नेहमी घरातूनच जायला हवी, कारण धागा टोचला गेला तर तो पुढे टाक्यात अडकतो आणि ओढताना टाक्यालाही खेचतो. दुसरे असे की, टाका जाळीवर नीट बसवून ओढावा लागतो. जाळी निघाल्यावर तिच्या जाडीएवढा दोरा सैल पडतो आणि आधीच ढिला असलेला टाका लोंबू लागतो. धागे काढताना कडेपासून सुरुवात करून आधी एका दिशेचे सर्व धागे चिमट्याने सरळ रेषेत ओढले, की दुसऱ्या दिशेचे धागे मोकळे होऊन जवळजवळ आपोआप निघतात. खळ लावलेली जाळी सुती कापडावर किंचित ओली करून मऊ करता येते. क्रेपवर मात्र ती कोरडीच काढणे इष्ट, कारण क्रेपच्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो आणि पाणी लागताच तो आकसतो.

याच कारणाने पाण्यात विरघळणारा पातळ पडदा, सोयीचा असला तरी, अशा रेशमासाठी योग्य ठरत नाही. हा पडदा १९२४ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झालेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पदार्थाचा असतो. त्यावर नक्षी रेखून तो कापडावर टाचता येतो आणि काम संपल्यावर धुऊन नाहीसा करता येतो. रंग पक्का असलेल्या आणि आधी एकदा धुतलेल्या सुती कापडावर, विशेषतः वेली-फुलांच्या वळणदार नक्षीसाठी, तो उत्तम होय. दमट हवेत तो चिकट होत असल्याने पिशवीत बंद ठेवावा लागतो.

लग्नसराईच्या ब्लाउजवरील आरी किंवा जरीकामात धागे मोजण्याचा प्रश्नच नसतो. तेथे खाका वापरतात. बटर पेपरवर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने जवळजवळ टोचे मारायचे आणि कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड किंवा नीळ बोळ्याने फिरवायची, की ठिपक्यांची रेष खाली उतरते. एकच खाका अनेकदा वापरता येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. घरगुती कामासाठी पिवळा वा पांढरा कार्बन गडद कापडावर उठून दिसतो. पण त्याची रेष टाक्याखाली पूर्ण झाकली जाईल तेथेच तो वापरावा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर धुण्याआधी इस्त्री फिरली तर ती पक्की होऊ शकते. उलट, सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेने अदृश्य होणाऱ्या पेनाची खूण कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. म्हणजे ती पुसली जात नाही, केवळ लपते.

कायमचा आधारही सर्वत्र त्याज्य नाही. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर हाच आधार असतो आणि तोच वस्तूचे अंग बनतो. ब्लाउजला अस्तर लागतेच, म्हणून त्याच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारे फ्यूझिंग लावले तर मण्यांचे वजन पेलले जाते आणि काही बिघडत नाही. साडीच्या पदराला मात्र ते लावले तर चूण पडत नाही. शिवाय गवंतीची मागची बाजू झाकली जाऊन तिचे वैशिष्ट्यच नाहीसे होते. म्हणूनच निवड करताना उरलेल्या तुकड्यावर चार टाके घालून, आधार काढून, तुकडा उलटा करून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा ठरते: मागे दोऱ्याखेरीज काही उरले नसेल, तर साधन योग्य निवडले असे समजावे.